अंड्यावरच्या कोंबडीचं रक्त: प्रोटीनचा रिपोर्ट काढायचा कसा आणि वाचायचा कसा

टोटल प्रोटीन ५.८, कॅल्शियम २६, ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर. हा रिपोर्ट माणसाचा असता, तर डॉक्टरांनी त्याच रात्री ॲडमिट करून घेतलं असतं. २८ आठवड्यांच्या लेयर कोंबडीचा असेल, तर ती व्यवस्थित अंडी देतेय एवढाच त्याचा अर्थ. त्याच शेडमधल्या दुसऱ्या कोंबडीचं टोटल प्रोटीन ४ आणि कॅल्शियम १० आलं, तर कागदावर सगळं छान दिसतं, पण बहुतेक ती अंड्यावर नाही. खाते मात्र रोज तेवढंच.

सिन्नर, दिंडोरी, निफाड, इगतपुरी या पट्ट्यातल्या लेयर शेडमधून रक्ताचे नमुने बऱ्याचदा नाशिक शहरातल्या माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातात. मशीन आकडा बरोबर देतं, पण शेजारच्या रकान्यात छापलेली मर्यादा माणसाची असते. त्या रकान्यामुळे कितीतरी निरोगी बॅचना लिव्हर टॉनिक पाजलं जातं. कोंबडीच्या रक्तातली प्रोटीनं वाचायची तर ती कोंबडी हार्मोनच्या कुठल्या टप्प्यावर आहे हे आधी ठरवावं लागतं. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे: आत काय घडतं, नमुना कुणाचा आणि कधी घ्यायचा, लॅबला काय सांगायचं, आणि आकडे एकमेकांशी कसे ताडून बघायचे.

आत काय घडतं

सुरुवात प्रकाशापासून होते. कोंबडीला दिवस मोठा झाल्याचं डोळ्यांपेक्षा मेंदूतून कळतं. कवटीतून आत पोचणारा प्रकाश, विशेषतः तांबडा, मेंदूतल्या खोलवरच्या पेशी टिपतात. मग हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग जीएनआरएच हे हार्मोन सोडतो, त्याने मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जागी होते, ती एलएच आणि एफएसएच ही हार्मोन सोडते आणि अंडाशय कामाला लागतो. अंडाशयात एकेक बलक ज्या पिशवीत वाढतो तिला पुटक म्हणतात. छोटी पुटकं, म्हणजे अजून बलक न भरलेली, मुख्यतः इस्ट्रोजेन हे मादी हार्मोन बनवतात. सर्वांत मोठं, उद्या-परवा सुटणारं पुटक मुख्यतः प्रोजेस्टेरॉन बनवतं. पहिलं अंडं पडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच इस्ट्रोजेन चढलेलं असतं. तुरा लाल आणि मोठा होतो तो याच सुमारास, अंडाशयातल्या अँड्रोजेनमुळे.

बहुतेकांची समजूत अशी की अंडं अंडाशयात बनतं. पिवळ्या बलकाचा माल खरं तर यकृतात बनतो, रक्तातून जातो आणि पुटकात साठतो. इस्ट्रोजेन यकृताला दोन मोठ्या गोष्टी बनवायला लावतं.

पहिली, व्हायटेलोजेनिन. हे बोजड प्रोटीन आहे. त्याला स्निग्ध पदार्थ, फॉस्फरस, कॅल्शियम आणि झिंक चिकटलेलं असतं. पुटकाच्या आत गेल्यावर ते तुटतं आणि त्यातून लिपोव्हायटेलिन आणि फॉस्विटिन तयार होतात. फॉस्विटिनमध्ये वजनाच्या सुमारे १० टक्के फॉस्फरस असतो. अंड्यावर न आलेल्या तलंगीच्या रक्तात व्हायटेलोजेनिन जवळजवळ नसतंच, कोंबड्याच्याही नसतं. पण कोंबड्याला इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दिलं, तर त्याचं यकृतही ते बनवू लागतं. जनुक नरातही असतं, फक्त हार्मोनची हाक येत नाही. या एका गोष्टीमुळे कोंबडा हा हार्मोनचा जनुकावर होणारा परिणाम अभ्यासण्याचा जगभरातला लाडका प्राणी ठरला. दुसऱ्यांदा इंजेक्शन दिलं, तर यकृताचा प्रतिसाद पहिल्यापेक्षा लवकर आणि जास्त जोरात येतो, हेही त्याच प्रयोगांतून कळलं.

दुसरी गोष्ट म्हणजे खास बलकासाठीचं व्हीएलडीएल, चरबी वाहून नेणारे कण. साध्या व्हीएलडीएलच्या कणांपेक्षा हे बारीक असतात आणि त्यांच्यावर एक छोटं प्रोटीन बसलेलं असतं, जे वाटेतल्या स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना हा माल उतरवून घेऊ देत नाही. त्यामुळे चरबी वाटेत न खर्च होता थेट पुटकापर्यंत पोचते. अंड्यावरच्या कोंबडीचं प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्ताचा पातळ भाग, पातळ पिवळसर ताकासारखं दिसतं ते यामुळे. लॅबवाला त्याला ‘लायपेमिक’ म्हणून शेरा मारतो. तो शेरा वाचून घाबरू नका. अंडी चालू असतील तर तसंच दिसायला हवं.

पुटकाच्या कडेवर एकच ग्राहक प्रोटीन असतं, जे हे दोन्ही कण ओढून घेतं. लेगहॉर्न या अंड्यांच्या जातीत एक जन्मजात दोष सापडला आहे, ज्यात हे ग्राहक प्रोटीनच बिघडलेलं असतं. त्या कोंबड्यांच्या रक्तात बलकाचा माल साचत राहतो, रक्त चरबीने दाटून जातं आणि अंडं मात्र जवळजवळ पडत नाही. माल बनणं आणि माल उचलला जाणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे लक्षात राहू द्या. पुढे रिपोर्ट वाचताना उपयोगी पडेल.

किती माल? एक हिशोब करून बघू. दीड किलोच्या कोंबडीत साधारण १०० मिली रक्त, त्यातलं ७० मिलीच्या आसपास प्लाझ्मा. डेसिलिटरला ५.५ ग्रॅम धरलं तर तिच्या सगळ्या प्लाझ्मात मिळून चार ग्रॅमपेक्षा थोडं कमी प्रोटीन आहे. १७ ग्रॅमच्या बलकात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. म्हणजे रक्तात एका वेळी जेवढं प्रोटीन फिरतंय, त्याच्या निम्म्याहून जास्त ती रोज बलकात ओतते आणि यकृत ते रोज भरून काढतं. म्हणूनच यकृताला जरा धक्का बसला की रक्तात आणि अंडी टक्क्यात तो पटकन दिसतो.

पांढऱ्या बलकाचं गणित वेगळं आहे. ओव्हाल्ब्युमिन, ओव्होम्युकॉइड, लायसोझाइम ही प्रोटीनं रक्तातून येत नाहीत. अंडनलिकेच्या मॅग्नम या भागातल्या ग्रंथी ती तिथेच बनवतात. त्या ग्रंथी वाढवायचं काम इस्ट्रोजेनचं, आणि एव्हिडिन हे प्रोटीन प्रोजेस्टेरॉनच्या हुकमावर बनतं. रक्ताकडून त्यांना फक्त अमिनो आम्लं हवी असतात. पांढरं पातळ पडतंय म्हणून रक्तातलं अल्ब्युमिन तपासायला पाठवण्यात अर्थ नाही.

बलकात आणखी तीन ओळखीची प्रोटीनं रक्तातून जशीच्या तशी जातात: अल्ब्युमिन, एक अल्फा ग्लायकोप्रोटीन आणि आयजीवाय, म्हणजे कोंबडीची अँटिबॉडी. राणीखेतची लस घेतलेल्या ब्रीडर, म्हणजे उबवणीची अंडी देणाऱ्या, कोंबडीच्या पिल्लाला पहिले काही दिवस जे संरक्षण मिळतं, ते या आयजीवायमुळे. जीवनसत्त्वं वाहून नेणारी प्रोटीनंही इस्ट्रोजेनने वाढतात. रायबोफ्लेविन वाहून नेणाऱ्या प्रोटीनवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. पी. आर. अदिगा यांच्या गटाने बरंच काम केलं. ज्या कोंबड्यांमध्ये हे प्रोटीन जन्मतः नसतं, त्यांची अंडी बाहेरून नेहमीसारखी दिसतात, पण आतला गर्भ उबवणीच्या तेराव्या दिवसाच्या आसपास मरतो.

पायरी १: टप्पा ठरवा

रक्त काढायच्या आधी कोंबडी हातात घेऊन बघा. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसली, गुदद्वार मोठं, ओलसर आणि फिकट असलं, तुरा लाल-उबदार असला, तर ती अंड्यावर आहे. एकच बोट बसत असेल, गुदद्वार लहान, कोरडं, पिवळसर असेल, तर नाही. पिवळ्या कातडीच्या लेगहॉर्नमध्ये गुदद्वार, डोळ्याची कडा, चोच आणि मग पाय या क्रमाने पिवळेपणा उतरत जातो. तो रंग बलकात गेलेला असतो.

नोंदवहीत प्रत्येक नमुन्यापुढे यांपैकी एक शब्द लिहा: तलंग, अंड्यावर येणारी, अंड्यावरची, खुडूक, पिसं झडणारी, कोंबडा. हा एक शब्द नसेल तर पुढचा आकडा निम्मा निकामी.

‘अंड्यावर येणारी’ हा टप्पा सर्वांत फसवा. १७-१८ आठवड्यांच्या तलंगीत अंडं अजून पडलेलं नसतं, पण इस्ट्रोजेन चढलेलं असतं. कॅल्शियम १५-१८ वर आलेलं, प्लाझ्मा गढूळ व्हायला लागलेलं. शेजारच्या केजमधली उशिरा वाढणारी अजून १० वर असते. एकाच वयाच्या पाच कोंबड्यांमध्ये एवढी तफावत दिसली की लोक लॅबवर शंका घेतात. लॅब बरोबर असते. लॉटमध्ये वजन सारखं नाही, ही त्यातली खरी खबर आहे.

पायरी २: कुणाचं रक्त, किती जणींचं, कधी

एका कोंबडीच्या आकड्यावरून शेडबद्दल काहीच ठरवू नका. एका टप्प्यातल्या किमान सहा ते आठ घ्या. जमलं तर सोबत तुलनेसाठी बारा-चौदा आठवड्यांच्या तीन-चार तलंगा, किंवा ब्रीडर शेड असेल तर दोन-तीन कोंबडे घ्या. कोंबडा आणि तलंग हीच तुमची स्वतःची संदर्भ मर्यादा. त्याच दिवशी, त्याच लॅबमध्ये, त्याच मशीनवर. छापील रकान्यापेक्षा मी तिच्यावर केव्हाही जास्त विश्वास ठेवेन.

वेळ सगळ्यांची एक ठेवा. पहाटे दिवे लागणाऱ्या शेडमध्ये बहुतेक अंडी सकाळीच पडतात आणि टरफल बनण्याचं काम मुख्यतः संध्याकाळपासून रात्रभर चालतं. टरफल बनायला साधारण १८ ते २० तास लागतात आणि त्यात दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम खर्च होतं. त्या काळात रक्तातलं मोकळं, आयनाइज्ड कॅल्शियम खाली येतं. टोटल प्रोटीन दिवसभरात फार हलत नाही, पण एकीचा नमुना सकाळी सातला आणि दुसरीचा संध्याकाळी सहाला असेल, तर कॅल्शियमची तुलना बिघडते. खाद्य टाकायच्या आधीची सकाळ सर्वांत सोयीची. मुद्दाम दिवसभर उपाशी ठेवू नका. बलकाची चरबी उपाशी ठेवूनही रक्तातून जात नाही, फक्त अंडी घटतात.

एप्रिल-मे महिन्यात नाशिकलाही पारा चाळिशीला टेकतो. भर दुपारी धापा टाकणाऱ्या कोंबडीचं रक्त घेऊन ‘प्रोटीन बदललं’ म्हणू नका. ती आधीच पाणी आणि खाद्य यांचा ताळमेळ हरवून बसलेली असते.

पायरी ३: रक्त काढणं

हे काम पशुवैद्यकाने किंवा त्यांच्या देखरेखीखाली व्हावं. कोंबडीला आडवं धरून पंख उघडायचा. कोपराजवळ आतल्या बाजूला निळसर शीर दिसते. २३ किंवा २४ नंबरची सुई, २ मिलीची सिरिंज. हळू ओढा, कारण जोरात ओढलं की शीर चिकटते आणि पेशी फुटतात. सुई काढल्यावर कापसाने मिनिटभर दाबून धरायला विसरू नका, नाहीतर कातडीखाली काळी गाठ येते. वजनाच्या एक टक्क्यापर्यंत रक्त सुरक्षित मानलं जातं, म्हणजे दीड किलोच्या कोंबडीला १५ मिलीपर्यंत. तुम्हाला २ मिली पुरे.

नळीचा रंग महत्त्वाचा. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी प्लाझ्मासाठी, लाल किंवा पिवळ्या झाकणाची सीरमसाठी, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्यासाठी. जांभळ्या झाकणाची, म्हणजे ईडीटीएची, नळी कॅल्शियमसाठी चालत नाही. ईडीटीए कॅल्शियम बांधून टाकतं आणि आकडा खोटा येतो. तरी गावातून येणारे निम्मे नमुने जांभळ्या नळीतच असतात, कारण दवाखान्यात तीच हाताशी असते.

प्लाझ्मा की सीरम, एकच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. प्लाझ्मात फायब्रिनोजेन असतं, म्हणून टोटल प्रोटीन थोडं जास्त दिसतं. मार्चमध्ये सीरम आणि जूनमध्ये प्लाझ्मा असं झालं, तर फरक कोंबडीचा की नळीचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. कोंबडीचं रक्त गोठायला आणि सीरम सुटायला वेळ घेतं. नळी तिरकी ठेवून उबदार जागी तासभर राहू द्या. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. उघड्या शेडच्या कट्ट्यावर नळ्या ठेवल्या तर सीरम सुटतच नाही. वेगळं केलेलं सीरम किंवा प्लाझ्मा बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी लॅबला पोचवा. आख्खं रक्त बर्फावर ठेवू नका.

पायरी ४: लॅबला काय सांगायचं, काय मागायचं

सांगायचं असं: नमुना कोंबडीचा आहे, प्लाझ्मा गढूळ असणार, नमुना बाद करू नका. कोंबडीच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, त्यामुळे माणसाच्या सेल काउंटरवर काढलेला पांढऱ्या पेशींचा आकडा घेऊ नका. सीबीसी हवंच असेल तर स्लाइडवर हाताने मोजून घ्या.

मागायचं: टोटल प्रोटीन बाययुरेट पद्धतीने, अल्ब्युमिन, टोटल कॅल्शियम, फॉस्फरस, ट्रायग्लिसराइड, युरिक ॲसिड. एवढंच. रिफ्रॅक्टोमीटरने टोटल प्रोटीन स्वस्तात निघतं, पण चरबीयुक्त प्लाझ्मात तो आकडा फुगतो; अंड्यावरच्या कोंबडीसाठी तो टाळाच. अल्ब्युमिनची नेहमीची हिरव्या रंगद्रव्याची पद्धत माणसाच्या अल्ब्युमिनवर बेतलेली आहे, पक्ष्यांमध्ये ती पुरेशी भरवशाची नाही. ग्लोब्युलिन, म्हणजे उरलेली प्रोटीनं, तर टोटल प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा करून काढतात, म्हणजे अल्ब्युमिनची चूक तिथेही उतरते. म्हणून ए-जी रेशोच्या, म्हणजे अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन प्रमाणाच्या, दशांश आकड्यांवर भांडण्यात वेळ घालवू नका, दिशा बघा.

खर्चाची तयारी असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या. त्यात प्रोटीनचे पट्टे वेगवेगळे दिसतात. कोंबडी अंड्यावर आली की अल्ब्युमिनचा वाटा कमी होतो आणि मधल्या भागात, बीटा पट्ट्याच्या आसपास, जाड पट्टा उठतो. व्हायटेलोजेनिन, लिपोप्रोटीन आणि ट्रान्सफेरिन तिथे असतात. संसर्गात मात्र शेवटचा, गॅमा पट्टा जाड होतो. मुंबईचं परळचं किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, किंवा पुण्यातल्या औंधची रोग अन्वेषण प्रयोगशाळा यांच्याशी आधी फोनवर बोलून काय होतं आणि नमुना कसा हवा ते विचारून घ्या.

इस्ट्रोजेन मोजावं का? इस्ट्रॅडिऑल या मुख्य इस्ट्रोजेनचा रेणू माणसात आणि कोंबडीत एकच आहे, त्यामुळे तत्त्वतः माणसाच्या किटवर तो मोजता येतो. पण चरबीयुक्त प्लाझ्मा किटला गोंधळात टाकतो. आधी इथरने हार्मोन वेगळं काढावं लागतं आणि ते साधी लॅब करत नाही. एलएच, एफएसएच ही प्रोटीन हार्मोन आहेत, माणसाच्या किटवर कोंबडीची चालत नाहीत. माझ्या मते शेतकऱ्याने यावर पैसे घालू नयेत. टोटल कॅल्शियमची स्वस्त तपासणी इस्ट्रोजेनची खबर पुरेशी देते, कारण वाढलेलं कॅल्शियम व्हायटेलोजेनिनला चिकटलेलं असतं आणि व्हायटेलोजेनिन इस्ट्रोजेनशिवाय बनत नाही. झिंकचंही तसंच आहे.

पायरी ५: आकडे एकत्र वाचा

ढोबळ चौकट अशी. तलंग आणि कोंबडा: टोटल प्रोटीन ३.५ ते ४.५ ग्रॅम, कॅल्शियम ९ ते ११ मिलिग्रॅम, ट्रायग्लिसराइड दीडशेच्या आत-बाहेर, प्लाझ्मा स्वच्छ. अंड्यावरची: टोटल प्रोटीन ५ ते ६.५, कॅल्शियम २० ते ३०, ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढे, प्लाझ्मा गढूळ. सगळे आकडे डेसिलिटरला. आयनाइज्ड कॅल्शियम मात्र दोघींत जवळजवळ सारखंच, ५ मिलिग्रॅमच्या आसपास. कॅल्शियम २६ पाहून ‘खाद्यातला चुना कमी करा’ म्हणणाऱ्याला हे दाखवा. जादा कॅल्शियम व्हायटेलोजेनिनला बांधलेलं आहे आणि ते बलकात जाणार आहे; टरफलाला लागणारं मोकळं कॅल्शियम वेगळं, ते खाद्यातून आणि हाडांतूनच येतं.

आता खरी कसोटी. टोटल प्रोटीन आणि ग्लोब्युलिन वाढलेलं दिसलं की प्रश्न पडतो: हे अंड्यामुळे की आजारामुळे? उत्तर कॅल्शियम आणि ट्रायग्लिसराइडकडे आहे. प्रोटीनबरोबर ही दोन्ही चढलेली असतील, तर वाढ हार्मोनची आहे. प्रोटीन चढलंय पण कॅल्शियम १०-१२ वर उतरलंय आणि प्लाझ्मा स्वच्छ झालंय, तर अंडी थांबलेली आहेत आणि वाढलेलं ग्लोब्युलिन बहुधा अँटिबॉडीचं आहे. जुनाट संसर्ग, अंडनलिकेची सूज, पोटात बलक सांडून झालेला दाह यांचा विचार करा आणि मेलेल्या कोंबड्यांचं शवविच्छेदन करून घ्या. या एका ताडणीसाठीच मी कॅल्शियमशिवाय प्रोटीनचा रिपोर्ट बघायला तयार नसतो.

प्रोटीन, अल्ब्युमिन, कॅल्शियम, ट्रायग्लिसराइड सगळंच खाली आणि अंडी टक्का घसरलेला: यकृत माल बनवत नाहीये. नाशिक जिल्ह्यात माझा पहिला संशय मक्यावर. येवला, लासलगाव, मालेगाव, नांदगावच्या बाजारात खरिपाचा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येतो, परतीचा पाऊस झाला असेल तर ओला येतो, आणि ओल्या मक्यात बुरशी आणि तिचं विष, अफलाटॉक्सिन, वाढतं. अफलाटॉक्सिन यकृतातलं प्रोटीन बनणं दाबतं; अल्ब्युमिन आधी उतरतं आणि बलकाचा माल घटून अंडं लहान होतं. मका १३-१४ टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचा घ्या, गोदामात भिंतीपासून दूर आणि फळीवर ठेवा, शंका असेल तर खाद्याचा नमुना तपासून घ्या. खाद्यातलं विष बांधून ठेवणारा टॉक्सिन बाइंडर मदत करतो, पण काळा पडलेला मका बाइंडरने पांढरा होत नाही.

प्रोटीन आणि अल्ब्युमिन दोन्ही चढलेली, युरिक ॲसिडही वर: पाणी कमी पडलंय. पाण्याचे निपल तपासा, टाकीचं पाणी दुपारी हाताला कढत लागतं का ते बघा.

रक्त अंड्यावरच्या कोंबडीसारखंच, उलट चरबी आणखी जास्त, आणि धष्टपुष्ट कोंबड्या अचानक मरतायत, तुरा पांढराफटक: हा फॅटी लिव्हरचा रक्तस्राव. इस्ट्रोजेन, जादा ऊर्जेचं खाद्य, केजमधली बैठी जागा आणि उन्हाळा, सगळे मिळून ते घडवतात. रक्ताचा रिपोर्ट इथे फारसा कामाचा नाही, कारण निरोगी लेयरचं रक्तही चरबीने भरलेलंच असतं. यकृत उघडून बघावं लागतं: पिवळं, मऊ, आणि पोटात रक्ताच्या गुठळ्या. खाद्यातली ऊर्जा आवरा, कोलीन आणि ई जीवनसत्त्व बघा, डॉक्टरांशी बोला.

खुडूक कोंबडी आणि पिसं झडणं

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरच्या गावरान कोंबड्यांचा रिपोर्ट वाचताना हे आधी विचारा. कोंबडी खुडूक झाली की प्रोलॅक्टिन हे उबवायला बसवणारं हार्मोन चढतं, एलएच उतरतं, अंडाशय आक्रसतो, इस्ट्रोजेन जातं. व्हायटेलोजेनिन काही दिवसांतच रक्तातून नाहीसं होतं आणि कॅल्शियम तलंगीच्या पातळीवर येतं. ती आजारी नाही. तिला अंडी उबवायची आहेत. तिच्याकडून पिल्लं हवी असतील तर बसू द्या. अंडी हवी असतील तर खुराड्यातून काढून, खाली हवा खेळती राहील अशा जाळीच्या पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन काही दिवस ठेवा. पोटाला ऊब मिळाली नाही की प्रोलॅक्टिन उतरतं. पाण्यात बुडवणं, नाकपुडीत पीस खोचणं हे जुने उपाय कृपा करून बंद करा.

व्यापारी लेयरमध्ये खुडूक होणं निवडीने जवळजवळ घालवलेलं आहे. तिथे पिसं झडताना हेच चित्र दिसतं: थायरॉइड हार्मोन वर, इस्ट्रोजेन खाली, बलकाचा माल बंद. तिचं प्रोटीन पिसांत जात असतं, म्हणून मिथिओनिन, सिस्टीन कमी पडू देऊ नका.

दिवे आणि खाद्य

नाशिक विषुववृत्ताच्या २० अंश उत्तरेला. जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा पुढे, डिसेंबरमध्ये अकरा तासांच्या आत. लेयरला १६ तास उजेड द्यायचा तर उन्हाळ्यात पावणेतीन आणि हिवाळ्यात पाच तासांचा बल्ब लागतो. वजन पुरं झाल्याशिवाय उजेड वाढवू नका, आणि वाढवाल तो आठवड्याला अर्ध्या तासाने. यकृत आणि हाडं तयार नसताना इस्ट्रोजेन लवकर चढवलं तर अंडी लवकर येतात, पण लहान येतात, आणि गुदद्वार बाहेर येण्याचा त्रास वाढतो. पहिल्या अंड्याआधी दहा-चौदा दिवस लांब हाडांच्या पोकळीत नवं, कॅल्शियमचा साठा करणारं हाड बनतं. तेही इस्ट्रोजेन आणि अँड्रोजेननेच. त्या दिवसांत प्री-लेयर खाद्य सुरू असायला हवं. लोडशेडिंगमध्ये बल्ब कधी लागतो, कधी नाही, असं झालं की पिट्युटरीला मिळणारा निरोपच तुटक होतो. टायमर आणि इन्व्हर्टरचा खर्च कुठल्याही टॉनिकपेक्षा आधी करा.

अंडी चालू झाल्यावर १६ ते १८ टक्के प्रोटीन, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम, रोज ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य. एका अंड्यात सहा ग्रॅमहून जास्त प्रोटीन जातं, त्यामुळे सोया डीओसी (तेल काढलेली सोया पेंड) महागली म्हणून टक्का उतरवण्याचा मोह झाला तर आधी अंड्याचं वजन उतरतं, मग संख्या. रक्तातलं टोटल प्रोटीन बऱ्याच उशिरा खाली येतं, कारण यकृत शरीरातलं स्नायूंचं प्रोटीन मोडून माल पुरवत राहतं. खाद्य पुरेसं आहे का हे रक्तावरून ठरवायला गेलात तर उशीर होतो. त्यासाठी आठवड्याला वजनकाटा आणि अंड्याचा ट्रे जास्त खरा.

आणि गावोगाव विचारला जाणारा प्रश्न: कंपन्या कोंबड्यांना हार्मोन टोचतात का? लेयरला टोचायची गरजच नाही. तिचं स्वतःचं इस्ट्रोजेन उजेड आणि वजन यांच्यावर चालतं. नर कोंबड्यांना मऊ, चरबीदार करण्यासाठी कृत्रिम इस्ट्रोजेनच्या गोळ्या मानेच्या कातडीखाली ठेवण्याची पद्धत १९४०च्या दशकात अमेरिकेत होती. डाएथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचं ते औषध तिथे कोंबड्यांसाठी १९५९ मध्ये बंद झालं.

पुन्हा तपासणी

खाद्य किंवा उजेड बदलल्यावर दुसऱ्या दिवशी नमुना घेऊ नका. बलक वेगाने भरण्याचा काळच सात ते अकरा दिवसांचा असतो, त्यामुळे बदल दिसायला किमान दोन-तीन आठवडे लागतात. पायाला रंगीत रिंग घालून ठेवलेल्या त्याच कोंबड्या, तीच वेळ, तीच नळी, तीच लॅब. नोंदवहीत त्या दिवसाचा अंडी टक्का, अंड्याचं सरासरी वजन आणि शेडमधलं तापमान लिहा. टप्प्याचा रकाना पुन्हा नव्याने भरा, कारण मागच्या वेळची अंड्यावरची कोंबडी आज पिसं झाडत असू शकते.